निकटचे नातेवाईक

पत्र सकाळी साडेदहाला आलं. पोस्टमनने बेल वाजवली नाही. या घरात जिला बेल ऐकू येते ती दिवसा कामावर असते आणि जी घरात असते तिच्यापर्यंत बेल पोचत नाही, हे त्याला कधीचंच कळून चुकलं होतं. तो तळहाताने दारावर दोनदा थापटायचा. थाप मात्र पोचायची. थोडी जमिनीतून, थोडी उजव्या कानातून, पाण्याखाली कुणी दगडावर दगड ठेवावा तशी. तिने सही केली, लिफाफा स्वयंपाकघरात आणला, सुरीने कापला आणि उभ्याउभ्याच पत्र वाचायला घेतलं. भत्त्याच्या कचेरीची पत्रं तिला पाठ होती. वर क्रमांक, खाली विषय, मग संदर्भांची उतरंड. पण या वेळी तिसऱ्या ओळीत तिचं स्वतःचं वाक्य होतं. अवतरणचिन्हात, जसंच्या तसं. ‘लाभार्थी यांना कर्णरोपणाची शस्त्रक्रिया विनामूल्य उपलब्ध असताना त्यांनी ती वारंवार नाकारली असून, “मला आता ऐकू यायला नको आहे” असे त्यांनी निकटच्या नातेवाइकाकडे बोलून दाखविले आहे. सबब, आपला निर्वाहभत्ता का बंद करण्यात येऊ नये, याचा खुलासा सुनावणीस समक्ष हजर राहून करावा. आपले म्हणणे ऐकून घेण्यात येईल.’

एरवी ती हसली असती. बहिऱ्या बाईची सुनावणी, आणि वर म्हणे ऐकून घेण्यात येईल. पण आज नाही, कारण ते वाक्य तिने आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं, याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी, आणि तेव्हा समोर एकच माणूस होतं. भिंतीला कान असतात म्हणतात. पण भिंती कचेरीत जाऊन जबाब देत नाहीत. निकटचे नातेवाईक. तिला निकटचं म्हणावं असं जगात एकच नातं उरलं होतं, आणि ते सकाळी आठ वाजता तिच्या खांद्याला हात लावून, तोंड उजेडाकडे करून, ‘येते गं ताई, दुपारी जेव वेळेवर’ असं म्हणून चष्म्याच्या दुकानात कामाला गेलं होतं.

धाकटी तिच्याहून आठ वर्षांनी लहान. संसार मोडला तेव्हा दोन बॅगा घेऊन ‘आठ दिवस राहते’ म्हणून आली, त्याला आता बारा वर्षं झाली होती. ती आली तेव्हा ताईचे दोन्ही कान शाबूत होते आणि ताई शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. चोवीस वर्षं एकाच खुर्चीत, एकाच खिडकीपाशी. इस्पितळात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती ऑपरेटरबाई. कान हेच तिचं पोट होतं. आवाजावरून ती माणूस ओळखायची: कोण रडून आलाय, कोण पिऊन आलाय, कोण चौकशी करतोय पण उत्तर नको आहे त्याला. मग ऐकू येणं कमी होत गेलं, आधी बायकांचे आवाज, मग मुलांचे, मग आकडे. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक पुसला गेला त्या दिवशी तिने हृदयरोग्याचा फोन बाळंतिणींच्या वॉर्डात जोडला. महिन्याभरात तिला नोकरीतून मोकळं केलं. त्याच इस्पितळात डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर ओळखीचे, सगळे आपलेच. डोळे उघडले तेव्हा डाव्या बाजूला एक शिट्टी सुरू झाली होती, दुसऱ्या खोलीत कुणी किटली गॅसवर विसरून गेल्यासारखी, ती आजतागायत कुणी उतरवली नाही. ओठांचा डावा कोपरा किंचित खाली आला. आणि जिभेची डावी बाजू गंजल्यासारखी झाली. दुधाचा घोट, चहाचा घोट, सगळ्याला निम्मी चव लोखंडाची. ‘हजारात एखाद्याला होतं असं,’ डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं होतं. हजारातली ती एक व्हायला तिने कुठे अर्ज केला नव्हता.

उजवा कान उरला. उरला म्हणजे काय, तर विहिरीच्या तळाशी चार बोटं पाणी उरावं तसा. वरचे सूर सगळे गेले. खर्जातलं काही काही येतं. लिफ्ट खाली जाताना, लाकडी खण लोटताना, ढग वाजताना. आणि धाकटीचा आवाज. धाकटीचा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत तिला गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवायला सांगायचे. तोच आवाज आता सगळे गोड गळे गळून पडल्यावर या कानाच्या तळाशी टिकून राहिला होता. शब्द कळत नसत. पण जवळ बसून ती बोलली की शब्दांखालचं ते खरखरीत अस्तर ताईला लागायचं, आणि ओठांवरून शब्द व कानातून अस्तर असं जोडून जे तयार व्हायचं, ते तिला माणसाचं बोलणं वाटायचं. नवं ऑपरेशन म्हणजे याच कानामागचं हाड कोरायचं, आत तार सरकवायची, बाहेर चुंबकाने यंत्र चिकटवायचं. ‘शब्द कळतील,’ नवे डॉक्टर म्हणाले, ‘सुरुवातीला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतील, मग मेंदूला सवय होते. मात्र जे नैसर्गिक उरलंय ते बहुधा जाईल.’ बहुधा हा शब्द त्यांनी लिहिला आणि नंतर त्याखाली रेघ मारली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढं तरी शहाणपण तिने पहिल्या ऑपरेशनात विकत घेतलं होतं. ती नको म्हणाली. दुसऱ्या वर्षी विचारलं, नको म्हणाली. तिसऱ्या वर्षी धाकटीने विचारलं.

ती दुपार तिला स्वच्छ आठवत होती. सुट्टीचा दिवस, टेबलावर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग, दोघी समोरासमोर. धाकटी सोलता सोलता म्हणाली होती, ‘ताई, एकदा विचार तरी कर. फुकट आहे, सगळं सरकार करतंय.’ आणि ताईला का कोण जाणे त्या क्षणी एक्स्चेंजमधला तो माणूस आठवला होता, जो रोज सहा वाजून दहा मिनिटांनी सार्वजनिक फोनवरून बोलायचा. त्याची बायको सात नंबरच्या वॉर्डात होती. वॉर्डात कुणी फोन उचलत नसे, मग तो ऑपरेटरबाईशीच चार शब्द बोलायचा. आज कशी आहे, एवढंच विचारायचा, जणू ऑपरेटरबाई तिच्या उशाशीच बसली आहे. एक दिवस पाच वाजताच वॉर्डातून नर्सने त्याची बायको गेल्याचं कळवलं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याने विचारलं, ‘आज कशी आहे?’ रुग्णाची माहिती ऑपरेटरने द्यायची नाही असा नियम होता. ती म्हणाली, ‘जोडते हं.’ त्यावर तो म्हणाला, ‘बरं झालं तुम्ही आहात.’ त्याच्या आवाजातला तो सुटकेचा श्वास तिच्या कानात अजून तसाच होता, कान गेला तरी तो गेला नव्हता. वाटाणे सोलताना हे सगळं एकदम वर आलं आणि ती अर्धवट हसत, अर्धवट दमून म्हणाली, ‘मला आता ऐकू यायला नको आहे गं. ऐकायचं तेवढं ऐकून झालं.’ धाकटीही हसली होती. निदान तिचे ओठ हसले होते. शेंगांच्या ढिगाआडून बोललेलं वाक्य ते. ना धड थट्टा, ना धड शपथ. ते तिने तिथेच सोडलं होतं, सालांबरोबर. आणि आता ते शाईत उतरून, सरकारी शिक्का घेऊन, अर्धवट हसू गाळून परत आलं होतं. दुसरं, ‘ऐकून झालं’ हे वाक्य त्यांनी घेतलंच नव्हतं.

ती टेबलाशी बसली. चहा ठेवला होता तो उतू गेला, वास आल्यावर उठली, पुन्हा बसली. मन मोठं वकिली असतं. ते आधी धाकटीच्याच बाजूने उभं राहिलं. धाकटी दुकानात कुणाशी बोलली असेल, त्या कुणाची कुणी कचेरीत असेल. किंवा डॉक्टरांना सांगितलं असेल सहज, त्यांनी नोंद केली असेल. एका कानातून दुसऱ्या कानात जाता जाता शब्द कुठेही जातो, चोवीस वर्षं तिने हेच पाहिलं होतं. पण मग दोन महिन्यांपूर्वीचा दिवस समोर आला, आणि वकील खाली बसला.

वर्षातून एकदा कचेरीत तोंड दाखवायला जावं लागे, लाभार्थी जिवंत आहे आणि अजून बहिरा आहे एवढं सिद्ध करायला. नेहमीप्रमाणे धाकटीने अर्धी रजा काढली होती. असल्या सगळ्या ठिकाणी ताईचे कान म्हणजे धाकटीच. बँकेत, दवाखान्यात, जिथे जिथे माणसं काचेआडून बोलतात तिथे ती पुढे व्हायची, ऐकायची, मग वळून ताईला सांगायची. दोघींची रीतच ठरून गेली होती: आधी खांद्याला हात, मग तोंड उजेडाकडे, मग शब्द. त्या दिवशी कचेरीतल्या माणसाने काहीतरी विचारलं आणि धाकटीने खुर्ची जराशी वळवून घेतली. खिडकीतून ऊन येत होतं, डोळ्यांवर येत असेल असं ताईला वाटलं. मग तिला धाकटीचा पाठमोरा आंबाडा तेवढा दिसत राहिला, आणि मान. मान दोनदा होकारार्थी हलली. समोरचा माणूस लिहीत होता. एकदा त्याने नजर उचलून ताईकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, पण कीव तिला रोजचीच. धाकटीने काही लिहिलं, सही केली. ताईने तिच्या बाहीला धरून विचारलं होतं, ‘काय म्हणतात?’ धाकटी वळली. खांद्याला हात, तोंड उजेडाकडे. ‘काही नाही गं. पत्ता तोच आहे का, विचारत होते.’ परतताना दोघींनी रस्त्यावरच्या गाडीवर कॉफी घेतली. धाकटीने पैसे देऊ दिले नाहीत.

म्हणजे ते तिच्या पाठीमागे झालंच नव्हतं. तिच्या देखत झालं होतं, हातभर अंतरावर, भर उन्हात. माणसं चेहऱ्यावरून वाचण्याचा तिला केवढा गर्व होता. कान गेल्यापासून ती मनोमन म्हणायची की आता कुठे मला लोक खरे दिसायला लागले. तोंड एक बोलतं, डोळे दुसरं, आणि मी डोळ्यांचं ऐकते. सगळं जग वाचलं आणि घरातली एक मान वाचता आली नाही. पत्ता विचारायला दहा मिनिटं लागत नाहीत, हे तिला दोन महिन्यांनी कळत होतं. कानामागून आली नि तिखट झाली, अशी लहानपणी आई धाकटीची थट्टा करायची, तेव्हा ताईच तिची बाजू घेऊन भांडायची. आता त्या म्हणीविरुद्ध धाकटीची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आली. खांद्याला हात, तोंड उजेडाकडे. ‘जेवलीस का गं?’ ताई हो म्हणाली. पत्र पिठाच्या डब्याखाली होतं. ती धाकटीच्या ओठांकडे पाहत राहिली, जसं एखादं ओळखीचं अक्षर फार वेळ पाहिलं की परकं वाटायला लागतं. धाकटी दुकानातलं काहीतरी सांगत होती: कुणी म्हातारा चष्मा करायला आला आणि नवा चष्मा लावून बायकोकडे बघून म्हणाला, ‘तू अजून आहेस होय?’ गोष्ट गमतीची होती. ताई योग्य जागी हसली. तो हसण्याचा आवाज स्वतःच्या हाडांतून तिला लागला, आणि तिला वाटलं, बोलावं. पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पहिले दोन दिवस ती वाट पाहत होती की धाकटी आपण होऊन सांगेल. मग तिच्या लक्षात आलं की आपण वाट पाहत नाही आहोत, तिला आणखी खोटं बोलू देतो आहोत, एकेक घास मोजावा तसं मोजतो आहोत. ‘आज पोस्ट आलं का काही?’ तिसऱ्या दिवशी धाकटीने विचारलं. ताई म्हणाली, ‘नाही.’ अशा रीतीने त्या घरात दोघी खोटं बोलायला लागल्या.

सुनावणीला ती एकटी गेली. भत्ता सुरू झाल्यापासून पहिल्यांदा कचेरीत एकटी. रात्रभर तिने खुलासा मनात बांधला होता आणि तो सरळ होता: माझ्या उजव्या कानात अजून थोडं येतं. माझ्या बहिणीचा आवाज येतो. ते गेलेलं मला नको आहे. एवढंच. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, धाकटीलाही नाही. असल्या गोष्टी सख्ख्या माणसाला सांगायला लाज वाटते. बाकड्यावर बसून ती तीन वाक्यं ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती. धाकटीने जे केलं ते केलं, पण वाक्यं खरी होती, आणि खरं ते खरं असं तिला अजून वाटत होतं.

सुनावणी घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. उठून कपाटाकडे गेल्या तेव्हा डावा गुडघा ओढत गेल्या. त्या फायलीत बघून बोलत होत्या. ताई म्हणाली, ‘माझ्याकडे बघून बोला, म्हणजे मला दिसेल.’ बाईंनी मान वर केली, जरा ओशाळल्या, आणि सावकाश बोलू लागल्या.

‘सोबत कुणी नाही आलं?’

‘नाही.’

‘हे बघा, मी तुमच्या विरुद्ध नाही. नियम असा आहे की इलाज उपलब्ध असून तो नाकारला, तर कारण लागतं.’ त्यांनी एक छापील कागद पुढे केला. बोटाने एकेक रकाना दाखवला. वैद्यकीय धोका, त्याला दोन डॉक्टरांचं पत्र. कौटुंबिक अडचण. मानसिक भीती. इतर, पुरावा जोडावा. ‘भीती लिहा,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचं आधीचं ऑपरेशन बिघडलंय, फायलीत आहे. भीती वाटते म्हणा. भीती चालते.’

‘भीती वाटतेच. पण ते कारण नाही.’

‘मग कारण काय?’

‘नकोय.’

‘नकोय हे कारण नाही ना बाई. नकोचा काय पुरावा जोडणार तुम्ही?’ बाई हसल्या, तशा त्या दुष्ट नव्हत्या. मग हसू आवरून म्हणाल्या, ‘माझ्याकडे शेकड्यांनी माणसं येतात ज्यांना इलाजच नाही. त्यांची नावं अजून यादीत लागत नाहीत. तुम्हाला इलाज आहे, फुकट आहे, आणि तुम्ही नको म्हणता. त्यांना मी काय सांगू?’

हा प्रश्न खरा होता. ताई म्हणाली, आणि आपला आवाज फार मोठा होतोय की फार बारीक हे तिला कळेना, ‘भत्ता माझे कान गेले म्हणून मिळतो. त्या बदल्यात डोकं उघडून द्यायचं असं ठरलेलं नव्हतं. तुमचा गुडघा दुखतो. उद्या कुणी म्हणालं, गुडघा बदलून घ्या, नाहीतर पगार बंद?’

‘पगार कामाचा असतो, बाई.’

‘मी चोवीस वर्षं काम केलं. कान त्याच कामात गेले.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. त्या विचारात पडल्यासारख्या दिसल्या. मग त्यांनी फाईल उलटी फिरवून ताईपुढे सरकवली आणि एका पानावर बोट ठेवलं. ‘हे नसतं तर मी कदाचित काहीतरी केलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘पण घरच्यांनीच असं लिहून दिल्यावर माझे हात बांधले जातात.’

निकटच्या नातेवाइकाचा जबाब. ते अक्षर ती आंधळी झाली असती तरी तिने बोटांनी ओळखलं असतं. याच तिरक्या अक्षरात रोज सकाळी फ्रिजवर चिठ्ठी असायची, दूध आणलंय, गोळी घे, पाच वाजता पाणी जाणार आहे. पहिलं वाक्य तिला ठाऊक होतं. वाटाण्याच्या दुपारचं. त्याखाली आणखी होतं. ‘माझ्या बहिणीला स्वतःचे भले कळत नाही. भत्ता सुरू राहिला तर ती शस्त्रक्रियेस कधीच तयार होणार नाही. तरी याबाबत योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती. मी कळविले आहे हे तिला कळू देऊ नये.’ खाली सही आणि तारीख, कॉफीच्या दिवसाची. म्हणजे कुणी विचारलं म्हणून तोंडातून निसटलं, असंही नव्हतं. विनंती होती. धाकटीने हात जोडून मागितलं होतं की हिची भाकरी तोडा, म्हणजे ही डोकं पुढे करील.

ताईने ती चार वाक्यं दोनदा वाचली. बांधून आणलेली आपली तीन वाक्यं तिने शोधली, आणि ती होती तिथेच होती, खरी होती तशीच खरी होती. पण आता ती या माणसांपुढे, या पानाशेजारी, या अक्षराखाली ठेवणं तिला शक्य नव्हतं. बहिणीचा आवाज ऐकू येतो म्हणून. तिच्या जिभेची डावी बाजू लोखंडाची होतीच, आता उजवीही झाली. तिने पेन घेतलं आणि ‘इतर’च्या रकान्यात लिहिलं: ‘नको.’

‘एवढंच?’ बाईंनी विचारलं.

‘एवढंच.’

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. मग शिक्का उचलताना म्हणाल्या, ‘पुढच्या महिन्यापासून बंद होईल. तीस दिवसांत अपील करता येतं. करा.’ आणि ताई उठत असताना, तिला दिसेल अशा बेताने तोंड वर करून, त्या हळूच म्हणाल्या, ‘मीही गुडघ्याचं ऑपरेशन टाळतेय.’

कचेरीतून ती घरी गेली नाही. इस्पितळाच्या मागच्या दाराने, ओळखीच्या बोळातून, धुलाईखान्यात गेली. तिथली मुकादमीण जुनी ओळखीची. अंगाने आडवी, तोंडाने फटकळ. प्रचंड पिंपासारखी यंत्रं चादरी घुसळत होती, जमीन थरथरत होती, आणि कामावरच्या सगळ्या बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलत होत्या, कारण त्या गोंगाटात कानाचा कुणालाच उपयोग नव्हता. ‘ऑपरेटरबाई,’ मुकादमीण ओठांनी म्हणाली, ‘वाट चुकलात?’ ताईने काम विचारलं. मुकादमिणीने तिला नखशिखांत पाहिलं. ‘घड्या घालायच्या, मोजायच्या, वॉर्डवार लावायच्या. उभ्याने काम. कंबर राहील का?’ ताई म्हणाली, ‘कंबर अजून कुणी मागितलेली नाही.’ मुकादमिणीला त्यातलं काही कळलं नाही, पण ती हसली आणि सोमवारी सातला या म्हणाली.

घरी पोचली तेव्हा धाकटी लवकर आलेली होती. पिठाचा डबा सरकवलेला, पत्र टेबलावर उघडं. धाकटी उभीच होती. तिने खांद्याला हात लावायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

‘एकटी गेलीस?’

‘हो.’

‘ताई, मी सांगणार होते.’

‘कधी?’

धाकटी खुर्चीत बसली. या वेळी तिने तोंड वळवलं नाही. उजेडात, समोर, एकेक शब्द दिसेल असं बोलली. दुकानाची दुसरी शाखा निघतेय, पार दुसऱ्या गावात. मालकाने तिला सांभाळायला सांगितलंय. स्वतःची खोली, वर पगार. वर्षापासून विचारतोय, आणि ती वर्षापासून बघते, बघते म्हणतेय. ‘तुला टाकून कशी जाऊ? रात्री कुणी घरात शिरलं तर, तुला काही झालं तर, आग लागली तर. ऑपरेशन झालं असतं, तुला फोनवर बोलता आलं असतं, तर मी निर्धास्त गेले असते.’

‘मला सांगायचंस. जा म्हणाले असते.’

‘म्हणाली असतीस. मला माहीत आहे. हसून म्हणाली असतीस, आणि मग जन्मभर मला वाटलं असतं की मी टाकून आले.’

‘म्हणून माझा भत्ता बंद करायला सांगितलास.’

‘तुझ्या भल्यासाठी—’ धाकटी थांबली. बहुधा तिला आपलंच अक्षर आठवलं. डोळे पुसले, पण रडली नाही. मग खाली बघून काहीतरी बोलली, आणि लगेच चूक समजून मान वर केली आणि पुन्हा बोलली. दोनच शब्द. ‘मी थकले.’

ताईने ते ओठांवर स्वच्छ वाचलं. इतकं सोपं वाक्य. म आणि प-भ-ब ओठांवर सारखे दिसतात, पण यात चूक व्हायला जागाच नव्हती. हेच वाक्य बारा वर्षांत कुठल्याही दुपारी, वाटाणे सोलताना, म्हणता आलं असतं, आणि त्यासाठी कुठल्या कचेरीची गरज नव्हती. तिला वाटलं, आता हात पुढे करावा. हात पुढे झाला नाही. ती शांतपणे म्हणाली, ‘काय?’

धाकटीने खुर्ची पुढे ओढली. मोठ्याने, ओठ ताणून म्हणाली, ‘थकले. मी थकले, ताई.’

‘नाही कळलं.’

धाकटी उठली, टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली आणि तिने बारा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, जिवाच्या आकांताने ओरडली. आणि ते आलं. उजव्या कानाच्या तळाशी, शिट्टीच्या पलीकडून, अस्तरासारखं नव्हे तर सबंध, शब्दांसकट, घोगरं आणि मध्ये चिरलेलं. शाळेत जो आवाज नुसते ओठ हलव म्हणून गप्प केला होता तो. कित्येक वर्षांत तिने माणसाचा इतका पूर्ण आवाज ऐकला नव्हता. तो कसा आहे ते तिला अगदी नीट कळलं.

तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं, भुवया जराशा उंचावल्या, आणि पुन्हा विचारलं, ‘काय म्हणालीस?’